लाल अक्षरांची पाटी

आपल्याकडे माणूस गेल्याचं दुःख आधी कानाला कळतं, मग डोळ्याला. सेलूच्या त्या गल्लीत तर रीतच अशी, की भेटायला आलेली बाई ऑटोतून उतरते तेव्हा चांगली बोलत असते, भाड्यावरून ऑटोवाल्याशी हुज्जतही घालते, आणि गल्लीच्या वळणाशी आली की पदर तोंडाला लावून असा हेल काढते की गच्चीवरची कबुतरं उडावीत. यात ढोंग आहे असं कुणी समजू नये. वळणापासून रडत आलं नाही तर घरचे लोक वर्षानुवर्षं ध्यानात ठेवतात. "आली होती म्हणं सोयरी! तोंडाला आवाज न्हाई का डोळ्याला पाणी न्हाई."

म्हणून धाकटा भाऊ गेल्याचं कळलं तेव्हा त्रिवेणीला पहिली भीती वाटली ती लोकांच्या रडण्याची. स्वतःचं रडणं तिला त्या वेळी आठवलंसुद्धा नाही.

ती परभणीच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायची. वर्गात होती. 'कीप क्वाएट' असं नुकतंच ओरडून झालं होतं, पोरं गप्प झाली होती, आणि त्या शांततेत टेबलावरचा मोबाइल थरथरला. शंभूकाकाचा फोन. शंभूकाका म्हणजे तिच्या वडिलांचा धाकटा भाऊ. तो इतकंच म्हणाला, "शिवकांतला मानवतहून येताना ट्रकनं उडवलं. गेला, बाळा. तू ये, पर रडत येऊ नको. थेट माझ्या घरी ये, तुझ्या आईकडं जाऊ नको."

रडत येऊ नको, याला कारण होतं. आई, उमादेवी, नुकतीच दवाखान्यातून घरी आली होती. हृदयाला झटका येऊन गेला होता. परभणीच्या डॉक्टरांनी शिवकांतला आणि त्रिवेणीला समोर बसवून बजावलं होतं, की पुढच्या तपासणीपर्यंत यांना कसलाही धक्का बसता कामा नये, परत असं झालं तर माझ्या हातात काही उरणार नाही. शिवकांतनं लगेच आईचा पलंग माडीवरून खाली पुढच्या खोलीत आणला. दार उघडलं की ओटा, ओट्यापलीकडे गल्ली. पडल्या पडल्या येणारा-जाणारा दिसावा, जीव रमावा, ही त्याचीच कल्पना.

तो होताच तसा, गर्दीचा आणि आवाजाचा माणूस. वडील ईश्वरअप्पा गेल्यावर भांड्यांचं दुकान त्यानं पुढं चालवलं. घराच्या मागल्या बाजूला गोदाम, तिथं दिवसभर पातेली, परातींचा खणखणाट. संध्याकाळी दुकान बंद करून निघाला की वळणावरूनच ओरडायचा, "आई, च्या टाक!" पोहोचेपर्यंत चहा उकळलेला हवा. लग्न होऊन तीन वर्षं झाली, बायको वैजयंती घरात आली, चहाही तीच टाकायला लागली, तरी हाक आईलाच. गल्लीतले लोक त्या हाकेवर दुकानांची शटरं ओढायचे.

तर असा हा शिवकांत सरकारी दवाखान्यात चादरीखाली पडला होता, सकाळी शंभूकाकाच्या घरी यायचा होता, आणि त्याच्या आईला ते कळू द्यायचं नव्हतं. भाऊ तर गेला होता. आता निदान आई तरी राहायला पाहिजे, एवढं एकच त्रिवेणीच्या डोक्यात होतं.

शंभूकाकाचं घर मोंढ्याच्या, धान्यबाजाराच्या बाजूला. तिथं मसलत बसली. आईला सांगायचं, की शिवकांत मालाच्या खरेदीला हैदराबादला गेलाय. तिचा मोबाइल बिघडलाय म्हणून काढून घ्यायचा. मातीला नेणं काकाच्या घरूनच, मागल्या रस्त्यानं. हे सगळं जमण्यासारखं होतं. पण भेटायला येणाऱ्यांचं काय करणार? पाथरी, जिंतूर, पालम, कुठून कुठून माणसं येणार. सगळ्यांना फोन करून सांगितलं तरी दहातली दोन विसरणार. काकाच्या घरी न जाता सवयीनं ईश्वरअप्पाच्या ओट्यावर येणार, आणि वळणापासून हेल काढणार.

"दारावर पाटी लावू," शंभूकाका म्हणाला. "रडू नका म्हणून."

"अन ती आईनं वाचली म्हणजे?"

उमादेवी चौथीपर्यंत शिकलेली, आणि वाचायचा नाद असा की शेंगदाण्याच्या पुडीचा कागदही वाचल्याशिवाय टाकायची नाही. सकाळी कोवळ्या उन्हाला ती ओट्यावर येऊन बसे, तेवढं चालायला डॉक्टरांनीच सांगितलं होतं. शिवाय गल्लीतली पोरं. त्यांना पाटी दिसली की मोठ्यानं वाचायची खोडच. 'रडू नका' असं चार पोरांनी ओट्याखाली उभं राहून वाचलं असतं म्हणजे झालंच.

"मंग इंग्रजीत लाव," काका म्हणाला. "वहिनीला इंग्रजी येत न्हाई. तू इंग्रजीची बाई हायेस, काढ एखादं वाक्य."

इंग्रजीच्या बाईला गप्प बसा म्हणायचे जितके प्रकार येतात तितके तिला दुसरं काही येत नाही, असं शाळेत पोरं म्हणत. त्यात खोटं काही नव्हतं. पण त्या दिवशी एकेक वाक्य मनात यायचं आणि तिथंच अडायचं. 'प्लीज डू नॉट क्राय' लिहावं, तर गल्लीतल्या शाळकरी पोरालाही क्रायचा अर्थ ठाऊक. 'कीप क्वाएट' म्हणावं, तर वडीलधारी माणसं येणार, त्यांना वर्गातल्या पोरांसारखं दटावायचं कसं? 'काइंडली मेन्टेन सायलेन्स' तिला बरं वाटलं. नम्र होतं, व्याकरणात चोख होतं. तिनं ते काकाला म्हणून दाखवलं.

"लय छान," काका म्हणाला. "जिंतूरच्या आत्याबाईला ते कळायला तिला आधी तुझ्या शाळेत घालावं लागंल."

हसू कुणालाच आलं नाही. पण अडचण खरी होती. जिला समजू नये ती अर्धवट शिकलेली, आणि ज्यांना समजावं ती निम्म्याहून जास्त माणसं बिनशिकलेली. असलं वाक्य कुठल्या पुस्तकात सापडणार?

वैजयंती भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "दवाखान्यात असती ती लावा ना, ताई. लाल अक्षरांची. ती न वाचता बी कळती."

खरंच होतं. आज कुठल्या घरचं माणूस दवाखान्यात गेलेलं नाही? लाल अक्षरांतली ती 'सायलेन्स प्लीज'ची पाटी सगळ्यांनीच पाहिलेली असते. वाचता येवो न येवो, तिच्यापुढं माणूस चपला हातात घेतं आणि आवाज उतरवतं. त्रिवेणीला वाटलं, हेच बरोबर. दोनच शब्द, विनंतीही आहे, आणि दुःखाचा उल्लेख नाही. आईनं विचारलंच तर सांगता येईल, की डॉक्टरांनी लावायला सांगितलीय.

सकाळी स्टेशन रोडवरच्या पाट्यांच्या दुकानात ती गेली. 'कुत्र्यापासून सावध राहा' आणि 'आज रोख उद्या उधार' यांच्या मधे ती तयारच टांगलेली होती. त्यातही दोन तऱ्हा होत्या. एकीवर ओठांवर बोट ठेवलेल्या नर्सचं चित्र, दुसरीवर नुसती अक्षरं. चित्र आईला कळलं असतं. त्रिवेणीनं नुसत्या अक्षरांची घेतली.

"क्लास काढायलात का मॅडम?" दुकानदारानं कागदात गुंडाळता गुंडाळता विचारलं.

"हो," ती म्हणाली.

तिथून ती काकाच्या घरी गेली. शिवकांतला आणलं होतं. बाजूला त्याला न्यायचं विमान सजत होतं. लिंगायतांमध्ये गेलेल्याला आडवं नेत नाहीत, बसवून नेतात. भिंतीला टेकवून बसवलेल्या शिवकांतची मान जरा एका अंगाला कलली होती, दुकानात दुपारी गिऱ्हाईक नसलं की कलायची तशीच. त्रिवेणीनं त्याच्या हाताला हात लावला. काका मागून म्हणाला, "जा आता. वहिनीपाशी कुनीतरी पायजे." रडलेल्या डोळ्यांनी आईसमोर जाता येणार नव्हतं, म्हणून ती रडली नाही. पाटी घेऊन निघाली.

घरी तिनं दाराच्या चौकटीला खिळा ठोकला आणि पाटी अडकवली. आई ओट्यावर उन्हाला बसलेली होती. ती पाटीकडे बघत राहिली. खूप वेळ बघत राहिली, असं त्रिवेणीला नंतर आठवलं. त्या वेळी ती खिळा सरळ करण्यात गुंतली होती.

"काय गं हे?" आईनं विचारलं.

"डॉक्टरनी सांगितलंय. तुला भेटायला लोक येतात, गलका करतात. तब्येतीला बरं न्हाई."

"शिवकांत?"

"हैदराबादला गेलाय. माल आणायला. रात्रीच निघाला, तू झोपली होतीस."

आईनं मान हलवली. मग म्हणाली, "मला आत ने."

वैजयंती आतून तयार होऊन आली. तिनं कुंकू लावलं होतं, रोजच्यापेक्षा ठसठशीत, आणि त्याखालचा चेहरा कुणाचा तरी दुसऱ्याचा वाटत होता. तिला काकाच्या घरी मातीला जायचं होतं. तिनं सांगितलं, "महादेवाच्या देवळात जाऊन येते, आई."

"थांब, वैजू." उमादेवीनं उशाची विभूतीची डबी उघडली, चिमूट कागदात बांधली आणि पुडी तिच्या हातात दिली. "देवाच्या कपाळाला लाव. तीन बोटांनी. घाई करू नको, नीट लाव."

वैजयंतीनं पुडी मुठीत धरली आणि ती भराभरा पायऱ्या उतरली.

माती दुपारी होती. काकानं भजनी मंडळाला हात जोडून सांगितलं होतं, की मोंढा ओलांडेपर्यंत टाळ वाजवू नका. कसली यात्रा असेल ती! आयुष्यभर खणखणाट करणारा माणूस फुलांत बसून, गावातून चोरासारखा गेला. त्रिवेणी त्या वेळी आईच्या पलंगाशी मेथी निवडत बसली होती. निवडलेली काडी परत निवडायच्यात टाकत होती. आई भिंतीकडे तोंड करून झोपली होती. तिची पाठ मधूनच हलायची. झोप लागली, बरं झालं, असं त्रिवेणीला वाटलं.

पाटीनं काम मात्र केलं. असं केलं की बघत राहावं. पाथरीची पाव्हणी हेल काढायला तोंड उघडणार तोच तिची नजर पाटीवर पडली, आणि उघडलेलं तोंड तिनं पदरानं झाकलं. जिंतूरची आत्याबाई पाटी बघून चपला हातात घेऊन आत आली. माणसं यायची, उमादेवीच्या पायाशी बसायची, तब्येत कशी हाय विचारायची, आणि तिच्या चेहऱ्याकडे न बघता उठून जायची. आत स्वयंपाकघरात वैजयंतीच्या खांद्यावर डोकं ठेवायची, तेही मुकाट्यानं. मागल्या गोदामालाही कुलूप होतं. घरात आवाज म्हणून उरला नव्हता.

पंचाईत झाली ती एकट्या सरजाबाईची. ही बाई गल्लीच्या टोकाला राहायची. नात्याची ना गोत्याची, पण आसपासच्या कुठल्याही मयतीला तिच्याशिवाय रंग चढत नाही, असं लोक चेष्टेनं म्हणायचे. ती रडायला लागली की गेलेल्याचा सगळा जन्म त्या रडण्यात यायचा. त्यानं कधी कुणाला पाणी पाजलं, कुणाची लेक नांदायला घालवली, सगळं. घरच्या माणसांना जे सुचत नाही ते तिला सुचायचं, आणि दगडासारखी बसलेली बाईसुद्धा तिच्या सुरात सूर मिळवून मोकळी व्हायची. त्रिवेणीला लहानपणापासून तिचा राग यायचा. काय हे नाटक, असं ती म्हणायची.

ती सरजाबाई वळणावर आली, पहिला सूर लागलाही होता, आणि त्रिवेणी अनवाणी धावत गेली. तिचा दंड धरून तिला पाटीपुढं आणली.

सरजाबाईनं पाटी बघितली. दवाखान्यातली ओळख पटली. मग हळू आवाजात विचारलं, "मंग रडायचं कवा, बाई?"

"नंतर सांगते, मावशी. आईच्या जिवाचा प्रश्न हाय."

"लेकरू गेलं अन घरात आवाज न्हाई," ती पुटपुटली. "असं कुटं असतं का?" आणि पदर सावरत परत गेली. तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघताना त्रिवेणीला सुटल्यासारखं वाटलं. जिनं सगळं उघडं केलं असतं तीच अडली होती.

दिवस गेले. आई जगत होती, गोळ्या घेत होती, दोन घास खात होती. एक गोष्ट मात्र चांगली झाली, असं त्रिवेणीला वाटलं. आई शिवकांतबद्दल विचारेनाशी झाली. पाटी लावली त्या सकाळी जे विचारलं तेवढंच. त्रिवेणीनं उत्तरं तयार ठेवली होती. माल मिळाला नाही, गाडी नादुरुस्त झाली, हैदराबादहून पुढं जावं लागलं. त्यातलं एकही लागलं नाही. गोळ्यांनी गुंगी येते, विसर पडतो, असं तिनं स्वतःला सांगितलं. आणि आई आपल्या एकुलत्या एका लेकाला विसरली म्हणून तिला बरं वाटलं! मग असं वाटल्याबद्दल स्वतःची शिसारी आली. न्हाणीत नळ सोडून ती उभी राहायची, पण तिथंही रडू यायचं नाही. रडण्याची वेळ टाळत गेलं की ते उधारीच्या गिऱ्हाइकासारखं तोंड चुकवायला लागतं.

आणखी एक होतं. रोज सकाळी उमादेवी सुनेला जवळ बसवून घ्यायची आणि तिच्या केसांना तेल लावायची. बोलायची काही नाही. हाताला जोर नव्हता, तरी वेणी घालून द्यायची, कुंकवाचा करंडा तिच्यापुढं सरकवायची. वैजयंती आरशात न बघता कुंकू लावायची. त्रिवेणीनं हे बघितलं, आणि आजारात माणूस मायाळू होतं, एवढाच त्याचा अर्थ लावला.

तपासणीचा दिवस आला. परभणीला नेलं. डॉक्टरांनी कागद बघितले, छाती तपासली आणि त्रिवेणीला बाजूला घेऊन म्हणाले, की धोका पुष्कळ कमी झालाय, आता सांगा, पण सावकाश सांगा. परतताना वाटेतल्या एका स्टेशनात गाडी बराच वेळ थांबली होती. आई खिडकीतून बाहेर बघत होती. समोर बसलेली त्रिवेणी मनात वाक्यं जुळवत होती. 'आई, मन घट्ट कर' नको. 'आई, एक सांगायचंय' असं सुरू करावं, तर पुढचं वाक्य कुठलं? आयुष्यभर पोरांना वाक्यं करायला शिकवली आणि स्वतःच्या आईला सांगायचं एक वाक्य तिला जमेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई ओट्यावर उन्हाला बसली होती. त्रिवेणी तिच्या पायाशी बसली. वैजयंती दारात उभी राहिली, हातात गोळीसाठी पाण्याचा पेला.

"आई," त्रिवेणीनं सुरुवात केली आणि ती अडकली.

उमादेवीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "नको सांगू," ती म्हणाली. "तुला सांगता यायचं न्हाई. मला ठावं हाय."

त्रिवेणीनं मान वर केली. "कुनी सांगितलं?"

"पाटीनं."

"आई, पाटी तर इंग्रजीत हाय."

"व्हय. मला कुठं ती वाचता येती. पर मी पाहिलेली हाय ती." उमादेवीचा आवाज अगदी हळू होता, या घरातल्या सगळ्यांचा झाला होता तसाच. "तुझे अप्पा गेले तवा तू दवाखान्यात पोचायची होतीस अजून. काचेच्या दाराबाहेर मी अन शिवकांत, दोघंच. डॉक्टर आले, न्हाईत म्हणाले. मी हंबरडा फोडला. तवा ती नर्सबाई आली. बोलली काई न्हाई, भिंतीकडं बोट दावलं नुसतं. मला काय कळावं त्यातलं? मंग शिवकांतनं माझ्या तोंडावर हात ठिवला. म्हणला, आई, तिथं लाल अक्षरात लिव्हलंय, हितं रडायचं नसतं. आपलं मानूस गेलं तरी न्हाई. बाहेर चल, मंग रड."

दारातल्या वैजयंतीनं पेला उंबऱ्यावर ठेवला.

"त्या सकाळी तू तीच पाटी आपल्या दाराला ठोकलीस," आई म्हणाली. "शिवकांत रातीपसून घरी न्हाई. वैजूच्या डोळ्यात पाणी अन कपाळावर एवढं मोठं कुंकू. मला आनिक कुनी काय सांगायचं होतं गं?"

न वाचता बी कळती, असं वैजयंती म्हणाली होती. त्यासाठीच तर निवडली होती. ज्यांना वाचता येत नाही त्या सगळ्यांना कळेल अशी पाटी त्रिवेणीनं शोधली, आणि इंग्रजी वाचता न येणारी पहिली बाई आपल्याच घरात उन्हाला बसलीय, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"मग बोलली का न्हाईस?" ती जवळजवळ ओरडली. "तुला न्यायला आलो असतो गं आमी. तोंड बघितलं असतंस त्याचं."

उमादेवीनं तिच्याकडे आश्चर्यानं बघितलं. "तुमी पाटी लावली की," ती म्हणाली. "मला वाटलं, मलाच लावली. अन त्यानंच सांगितलं होतं ना, पाटीपुढं रडायचं न्हाई. मंग गप बसले. त्याचंच ऐकलं म्हण."

त्रिवेणीला आईची ती भिंतीकडे केलेली पाठ आठवली. मधूनच हलणारी पाठ. आपण शेजारी बसून मेथी निवडत होतो.

"वैजू," उमादेवीनं दाराकडे न बघता विचारलं, "विभूती लावलीस का गं त्याला?"

वैजयंती ओट्यावर आली, खाली बसली. "लावली, आई. देवळात गेलेच न्हाई मी. पुडी मुठीतच होती, तशीच त्याच्या कपाळाला लावली. तीन बोटांनी." तिचा आवाज फुटला. "घाई न्हाई केली."

"बरं केलंस," उमादेवी म्हणाली. "त्याच्यासाठीच दिली होती."

त्रिवेणी उठली. चौकटीवरची पाटी तिनं अशी ओढली की खिळा लाकडाच्या ढलपीसकट बाहेर आला. गल्लीतून जाणारा एक माणूस थांबून बघायला लागला. बघू दे.

आईनं रिकाम्या चौकटीकडे बघितलं, मग लेकीकडे. लहान पोर विचारतं तसं तिनं विचारलं, "आता रडू का?"

"रड गं आई," त्रिवेणी ओरडली. जिनं जन्मभर पोरांना गप्प बसवलं ती बाई भर सकाळी ओट्यावर उभी राहून ओरडत होती. "रड! मोठ्यानं रड!"

उमादेवीनं तोंड उघडलं. गळ्याच्या शिरा ताठल्या, हात छातीवर गेला, सगळं अंग हललं, पण आवाज आला नाही. तिनं परत प्रयत्न केला. नुसता वारा बाहेर पडला. तिचा हात आपसूक पदराकडे गेला आणि पदर तोंडात गेला, इतके दिवस जात होता तसाच. वैजयंतीनं तो ओढून काढला. सासू-सून एकमेकींच्या गळ्यात पडल्या, हलत राहिल्या, आणि दोघींच्या तोंडून शब्द ना सूर.

बऱ्याच वेळानं उमादेवीनं मान वर केली. "मला येईना गं," ती म्हणाली. "सरजाबाईला बोलीव. तिला येतं. माझ्या लेकरावर कुनी रडलंच न्हाई."

त्रिवेणी अनवाणी धावली. सरजाबाई दारात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. तिनं वर बघितलं आणि आधी त्रिवेणीच्या हाताकडे बघितलं. पाटी अजून हातातच होती.

"काढली, मावशी," त्रिवेणी म्हणाली. "चला. आई बोलावतीय."

सरजाबाईनं जास्त काही विचारलं नाही. शेंगांचं सूप बाजूला सारलं, हात धुतले, डोक्यावर पदर घेतला आणि चालायला लागली. वळणाशी येईपर्यंत ती गप्प होती. वळणावर थांबली. शिवकांत जिथून हाक मारायचा तीच जागा होती ती. तिथं उभी राहून तिनं ओट्याकडे बघत सूर लावला, "उमाबाई गं, आता या वळनावून च्या टाक कोन म्हनंल गं... च्या टाक कोन म्हनंल..."

दोन घरांतल्या बाया दारात आल्या. कुणीतरी दुकानाचं शटर ओढलं. सरजाबाई पुढं चालत होती, एकेक पावलाला एकेक आठवण काढत होती. त्रिवेणी तिच्यामागून निघाली होती, पण तिचे पाय वळणावरच थबकले. कारण समोरच्या ओट्यावरून, आधी अगदी बारीक, मग मोठा होत, आईचा आवाज यायला लागला होता.